जावयाचा खुळखुळा

जावयाचा मान राखणारे सासरे गल्लोगल्ली सापडतील. पण जावयाचा मान राहावा म्हणून तालालाच खोटं पाडणारा सासरा साऱ्या हिंगोली जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. साखरा गावात त्यांची कोरडवाहू शेती आहे, पण पंचक्रोशीत त्यांना शेतकरी म्हणून कोणी ओळखत नाही, ओळखतात ते बेंजोवाले म्हणून. टाइपरायटरसारख्या पट्ट्यांचा तो बेंजो सासऱ्यांच्या गळ्यात, खंजिरी सासूबाईंच्या हातात, ताशा मेव्हण्याकडे आणि ढोलकी माझ्या बायकोकडे, सुनीताकडे. बाहेरचा माणूस बेंजो पार्टीत घ्यायचा नाही, हा मामांचा कायदा. सासऱ्यांना मी मामाच म्हणतो, सुनीता आबा म्हणते. "भाड्याचा मानूस ताल सांभाळंल, पन घर कोन सांभाळंल?" असं ते विचारतात, आणि समोरच्याला उत्तर सुचायच्या आत पुढचं गाणं सुरू करतात.

मामांना जगातली प्रत्येक गोष्ट आधी ऐकू येते, मग दिसते. बाजारात घागर घ्यायची तर ते तिला टिचकी मारून कान लावतात आणि दुकानदाराला सांगतात, "हिचा आवाज बसेल हाय, दुसरी दाखवा." शेळी घ्यायला गेले तेव्हा दात न बघता तिला ओरडायला लावलं, आणि ती बेसूर ओरडली म्हणून तसेच परत आले. हिंगोलीला आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा चहाच्या आधी कुकरची शिट्टी झाली. मामा दचकून म्हणाले, "जवाईबापू, शिट्टी उतरेल हाय तुमची." मला वाटलं कुकर बिघडला, मी संध्याकाळी नवीन रबर आणलं. बेंजोच्या तारा छेडायला त्यांना ताठ प्लास्टिकची नखी लागते. एकदा मी पाकीट खाटेवर ठेवून हात धुवायला गेलो, तर परत येईस्तोवर माझ्या एटीएम कार्डाच्या सुबक नख्या झालेल्या. "तारीख सरेल होती ना याची?" असं त्यांनी विचारलं खरं, पण कापून झाल्यावर.

आता माझं सांगतो, आणि सांगताना मान खाली घालतो. मी गणिताचा मास्तर. दहावीच्या पोरांना प्रमेयं शिकवतो, पण चार मात्रा सरळ मोजता येत नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा साखऱ्याला गेलो, तेव्हा मामांनी माझ्या हातात खुळखुळा दिला. घरचा माणूस, म्हणजे वाजवणं आलंच. गाणं सुरू झालं आणि चौथ्या मात्रेला माझा हात उशिरा पडला. पुन्हा पडला. मेव्हणा तोंड दाबून हसला, तसे मामा त्याच्यावर खेकसले, "हसून काहून राहिला बे? जवाईबापू बराबर हायेत. आपुनच पुढं पळून राहिलो!" त्या दिवसापासून सगळी पार्टी चौथ्या मात्रेला माझ्यासाठी थांबायला लागली. जावयाला चुकला म्हणायची सोय नाही, त्यापेक्षा ताल वाकवलेला बरा. पुढे धोंड्याच्या महिन्यात बाकीच्या जावयांना चांदीच्या वाट्या मिळाल्या, मला पितळी दांड्याचा नवा खुळखुळा मिळाला. ओवाळलं त्यालाही.

लग्नसराई आली की मामांचा फोन यायचा. तो कधीच लेकीला नसायचा, मलाच असायचा. "जवाईबापू, तुमच्याबिगर जमत न्हाई. येताना सुनीतालाबी आना." मी मनातून फुशारायचो आणि टेम्पोत बसलो की घामाघूम व्हायचो. ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून मी टोपी डोळ्यांवर ओढायचो, मेव्हण्याच्या ताशाआड उभा राहायचो. गणिताच्या मास्तरानं भर रस्त्यात खुळखुळा हलवायचा, तोही चुकीचा!

पुसेगावच्या वरातीत मात्र आडोसा पुरला नाही. नाचणाऱ्यांचे पाय चौथ्या मात्रेला एकमेकांत अडकायला लागले. एक जाडजूड पाहुणा दुसऱ्याच्या अंगावर कोसळला, आणि नवरदेवाचा काका तरातरा आमच्यापुढं येऊन ओरडला, "कोन चुकून राहिलं रे?" मी टोपी आणखी खाली ओढली. मामा एक पाऊल पुढं आले. "मी चुकलो बापा. वय झालं, बोट सरकते." शेळीचा सूर पारखणारा माणूस सगळ्या वरातीसमोर हे म्हणाला आणि लोक त्यांना हसले. कोणीतरी मोबाइलवर टिपलंही. तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी माझ्याआधी शाळेत पोचला होता. मी फळ्याकडे वळलो की मागं बाकांवर टकटक सुरू व्हायची, नेमकी चौथ्या मात्रेला अडखळणारी. पोरांचं मला एवढं लागलं नाही. मामांचं ते "मी चुकलो" मात्र पेपर तपासतानाही ऐकू यायचं.

पुढच्या रविवारी सुनीताला घेऊन मी साखऱ्याला गेलो. मामा ओट्यावर बेंजोच्या तारा पुसत बसले होते. मी एका दमात सांगून टाकलं, "मामा, मला ताल येत नाही. माझ्यापायी तुमचं नाव खराब झालं. आता मी यायचा नाही."

मामा तार पुसता पुसताच म्हणाले, "ताल येत न्हाई, ते पयल्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलला काहून नाही?"

"बोललो असतो तं तुमी आले नसते. तुमी न्हाई तं सुनीता कशी येईल? लेकीला एकटीला धाडा, तिला ढोलकी वाजवायची हाय, असं जवायाला कोन्या तोंडानं म्हनावं? तुमच्या घरचे काय म्हनतील? जवायाला बोलावलं, की लेक संगं येतेच." त्यांनी घरात डोकावून पाहिलं. "ढोलकी तिच्यासारखी कोनाचीच न्हाई बापू. तुमच्या घरी वाजवते का ती?"

आमच्या घरी ढोलकी नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती असावी हे मला सुचलंही नव्हतं. आत सासूबाईंशी बोलता बोलता सुनीता ढोलकीची दोरी आवळत होती, मधूनच थाप मारून बघत होती. मी ओशाळून म्हणालो, "मामा, यापुढं फोन तिलाच करा. ती येईल. एकटी येईल." मामांनी डोळे पुसले, बेंजो पुसायच्या फडक्यानंच.

तेव्हापासून ती एकटी जाते. शिरड शहापूरच्या पहिल्याच लग्नाहून परतली ती हसतच. ढोलकी अशी बोलली म्हणे, की नवरीही नाचली. मी विचारलं, "मग, आता ताल सरळ झाला असेल?"

"कशाचा! चौथ्या मात्रेला सगळेच थांबले. मी, दादा, आई. खुळखुळा येईल म्हणून. आबांनी तर वळून पाहिलं, तुमच्या जागेकडं."

इतक्या माणसांचा ताल बिघडवून ठेवला, याची मला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही. पण खरं सांगू? बरंही वाटलं, आणि त्याची जास्त लाज वाटली.