जुन्या पानावरचा गोल

मी हात वर केला.

पान खोटं आहे हे वर्गात फक्त दोघांना माहीत होतं. त्यातला एक मी.

देसाई सर हात मोजत होते. मुरगूडहून एसटीनं येऊन आमच्या पत्रकारितेच्या वर्गाला बातमीची तपासणी शिकवायचे. आज पहाटे ते वारले.

ही गोष्ट २००४ सालची. चाचणी होती. बंद पडलेल्या एका वेबसाईटचं पान सरांनी इंटरनेटवरच्या जुन्या प्रतींच्या संग्रहातून काढलं होतं. सगळ्यांना झेरॉक्स दिली.

प्रश्न एकच. या पानावर विश्वास ठेवाल का? आधी हात वर करायचा, मग कारण लिहायचं.

पान शिवाजी पेठेतल्या आमच्या फुटबॉल क्लबचं होतं. एका छोट्या स्पर्धेची फायनल. शेवटच्या मिनिटाला कॅप्टनचा विजयी गोल.

कॅप्टन म्हणजे माझा दादा.

ते पान मी बनवलं होतं. त्याच्या तीन वर्षं आधी, नेट कॅफेत बसून. सरांना याची कल्पना नव्हती.

दादाचा तो शेवटचा सामना. गुडघा गेला. पेपरात चार ओळी आल्या, त्यात गोल कुणाचा ते नव्हतं. मी दादाचं नाव टाकलं. त्यानं टाकायला सांगितलं नव्हतं.

काढायलाही सांगितलं नाही.

गोल मिलिंदचा होता. मिलिंद राहायला बुद्धविहारामागं. खेळायचा आमच्याकडून, पण सामना संपला की क्लबच्या तालमीत कुणी त्याला बस म्हणायचं नाही.

आता तो माझ्यापुढं दोन बाकं सोडून बसला होता. त्याचा एकट्याचा हात खाली.

"तुला पटत नाही?" सरांनी विचारलं.

"न्हाय सर. त्यो गोल मी मारलाय."

वर्ग हसला. नेसरीचा उदय म्हणाला, "व्हय मर्दा. आणि साक्षीला कोण, बॉल?"

पुन्हा हशा. मी हसलो नाही. हातही खाली घेतला नाही.

"सर, तारीख हाय, स्कोअर हाय," उदय म्हणाला. "साईट बंद पडल्यापास्नं कुणी हात लावल्याला न्हाय. आणि काय पायजे?"

"हात लावलेला नाही, बरोबर. म्हणजे तेव्हा असं लिहिलं होतं, एवढं नक्की," सर म्हणाले. "लिहिणारा खरं लिहीत होता का, हे प्रत कुठनं सांगणार?"

मग मिलिंदकडं वळले. "आणि तू म्हणतोस म्हणूनही मी मानणार नाही. कुणाला विचारू?"

तो सामना मी बघितलाय हे त्याला ठाऊक होतं. त्याला माझं नाव घेता आलं असतं.

"ज्यानं बघितलंय त्यानंच सांगावं, सर," मिलिंद म्हणाला.

"लिहा," सर म्हणाले.

मी दोन वाक्यं लिहिली. पान मी बनवलं. गोल मिलिंदचा.

कागद गोळा करताना सर माझ्यापाशी थांबले. वाचलं. पुन्हा वाचलं. वाकून हळू विचारलं, "हे मी वाचून दाखवू, का तू?"

"मार्क द्या सर. वाचू नका."

"मार्क देतोच. पैकीच्या पैकी. याच्याइतका पक्का पुरावा दुसऱ्या कुणाकडं नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"उद्याचा पहिला तास माझाच आहे."

घरी दादा जेवत होता. त्याला सगळं सांगितलं. तो भाकरी मोडत राहिला.

"मग सांग की वर्गात," तो म्हणाला. "लिवताना मला इचारलंतंस काय?"

सर, तुम्ही नंतर कधी हा विषय काढला नाही. तुम्हाला शेवटचा नमस्कार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तासाला मी उभा राहून तो कागद वाचला. मिलिंदनं वही उघडून तारीख घातली. मग सरांनी हजेरी घेतली.