स्थळ : मुख्य सभागृह

आमच्या विद्यापीठात दर सोमवारी 'आगामी कार्यक्रम' नावाचं एक पानी पत्रक निघतं. ते काढायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे आणि ते कुणीही धड वाचत नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. पत्रक काचेच्या फळ्यात लागतं, संकेतस्थळावर चढतं, डझनभर व्हॉट्सॲप ग्रुपवर जातं. दिवस, वेळ, स्थळ ठळक अक्षरांत असतं. ग्रुपवर टाकून मिनिट होत नाही तोच त्याच्याच खाली कुणीतरी विचारतं, "मॅडम, किती वाजता आहे?" विचारणारे विद्यार्थी असतील असं वाटेल. नाही. प्राध्यापक असतात.

पण खरं डोकं उठतं ते माझ्याकडे येणाऱ्या मजकुराने. आमच्याकडे नवी सूचना कुणी लिहीतच नाही. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, तारीख बदलायची आणि पाठवून द्यायची, ही इथली रीत. एकदा एका विभागाने दीपप्रज्वलनाला अशा गृहस्थांना बोलावलं, ज्यांच्या शोकसभेची सूचना त्याच विभागाने सहा महिन्यांपूर्वी मला पाठवली होती. मी फोन केला तर उत्तर आलं, "अरेच्चा! मग तेवढं तुम्हीच बदला ना." मे महिन्यातल्या शिबिराला विद्यार्थ्यांनी स्वेटर आणावेत, असंही एकदा आलं होतं. माझ्या टेबलावर लाल पेन कायम उघडं असतं, आणि माझं तोंड फार खराब आहे अशी आवारात ख्याती आहे. ती खोटी नाही.

रसायनशास्त्र विभागाच्या मागे काचकामाची एक लहानशी कार्यशाळा होती. प्रयोगशाळेतली फुटकी उपकरणं तिथे जोडली जायची, नवी हवी असतील तर घडवलीही जायची. ते करणारे गृहस्थ भवानी पेठेतले, जुन्या कारागीर घराण्यातले. सगळं आवार त्यांना चाचा म्हणायचं. मी खडकीहून स्कूटरवर येऊन गाडी लावायची ती त्यांच्या खिडकीखाली, त्यामुळे सकाळचे दोन शब्द ठरलेले. चाचा वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना काचकामाचं प्रात्यक्षिक दाखवायचे. दोन नळ्या ज्योतीवर धरायच्या, दोन्ही हातांनी एकाच लयीत फिरवायच्या, लाल झाल्या की जोडायच्या आणि तोंडाने हलकी फुंकर घालायची. जोड कुठे होता ते नंतर बोट फिरवूनही कळायचं नाही.

चाचांना निवृत्त व्हायला चार आठवडे उरले होते, तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले. ते कधी कुणाच्या टेबलाशी जात नसत. म्हणाले, "ताई, माझ्यानंतर जागा भरणार नाहीत म्हणतात. विभागप्रमुख सरांना भेटलो. सर म्हणाले, या वेळच्या प्रात्यक्षिकाला पोरं किती येतात ते बघू. बरीच आली तर कार्यशाळा चालू ठेवायचा प्रस्ताव देतो. नाहीतर कुलूप."

"किती म्हणजे बरीच?"

"वीस-पंचवीस आली तरी पुरे आहेत. तुम्ही तेवढं पत्रकात नीट टाका."

"अहो चाचा, काळजीच करू नका," मी म्हटलं. हे वाक्य आठवलं की मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पत्रकात काहीही टाकायचं म्हणजे आमच्या साहेबांची सही लागते. साहेब सदाशिव पेठेतले. चार शब्दांत काम होत असेल तर पाचवा खर्च करत नाहीत. सूचना परत आली. शेरा : 'प्रमुख पाहुणे?' आमच्या छापील नमुन्यात तो रकाना आहे आणि तो रिकामा ठेवता येत नाही. मी आत गेले. म्हटलं, "साहेब, हे प्रात्यक्षिक आहे. यात पाहुणा काय करणार?"

"पाहुणा काय करतो?" साहेब मान वर न करता म्हणाले. "येतो. बसतो."

चाचांना विचारलं तर ते वैतागले. "ज्योतीसमोर तिसरा माणूस उभा राहिला की कोपर लागतं. पाहुणा कुठे ठेवू?" शेवटी मी विभागप्रमुखांनाच त्यांच्या स्वतःच्या विभागात प्रमुख पाहुणे केलं. कागद पुन्हा परत. विभागप्रमुखांचं संमतिपत्र जोडलेलं नव्हतं. विभागप्रमुख बाहेरगावी होते. ते आले, संमती आली, तोवर दोन सोमवार हातचे गेले. तिसऱ्या सोमवारी साडेदहाला सही झालेला कागद माझ्या हातात पडला आणि पत्रक अकराला जायचं होतं. प्रात्यक्षिक त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी तीनला. माझं डोकं इतकं तापलेलं होतं की मी साहेबांना, नमुन्याला आणि तो नमुना पहिल्यांदा छापणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत आधीच्या पत्रकाची फाइल उघडली आणि तिच्यावरच टाइप करत सुटले.

गुरुवारी मी पावणेतीनलाच कार्यशाळेत पोहोचले. चाचांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबल पुसलेलं, नळ्या लांबीप्रमाणे मांडलेल्या, ज्योत बारीक करून ठेवलेली. भिंतीशी कुठून कुठून आणलेले पंचवीस स्टूल. विभागप्रमुख आले, पहिल्या स्टुलावर बसले. तीन वाजले. सव्वातीन झाले. मी विभागप्रमुखांना म्हटलं, "सर, येतील. आपल्याकडे अर्धा तास उशीर म्हणजे वेळेवरच." ते हसले. साडेतीनला त्यांनी घड्याळ पाहिलं, चोवीस रिकाम्या स्टुलांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "उत्साह दिसतोय." मग चाचांकडे वळून हात जोडले आणि गेले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, 'मॅडम, प्रमुख पाहुणे कधी येणार? आम्ही तीनपासून हॉलमध्ये बसलोय.'

हॉलमध्ये. मी पत्रक उघडलं. दिवस बरोबर, वेळ बरोबर, प्रमुख पाहुणे बरोबर. त्याखाली ठळक अक्षरांत, स्थळ : मुख्य सभागृह. आधीच्या पत्रकात उद्घाटन सोहळा होता, त्याचं स्थळ तसंच राहिलं होतं. माझं. लाल पेनवालीचं.

मी धावत सुटले. सभागृह आवाराच्या दुसऱ्या टोकाला. पोहोचले तेव्हा पहारेकरी पंखे बंद करत होता. म्हणाला, "चांगली साठ-सत्तर पोरं होती, मॅडम. पत्रकात होतं म्हणून मी दार उघडलं. आत्ताच गेली. कंटाळली." साठ-सत्तर! इतकी वर्षं ज्यांनी माझं पत्रक वाचलं नाही म्हणून मी बोटं मोडली, त्यांनी नेमकं याच वेळी ते वाचलं होतं. आणि अर्धा तास कुणी चौकशी केली नाही, कारण अर्धा तास काही घडलं नाही तर आमच्याकडे कार्यक्रम ठरल्याप्रमाणे चालू आहे असं समजतात.

परत आले तेव्हा चाचा गॅस बंद करून नळ्या आवरत होते. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. म्हटलं, "चाचा, चूक माझी आहे. मी सभागृह लिहिलं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मंगळवारी फळ्यावर वाचलं."

"मग बोलला का नाहीत!"

त्यांनी एक नळी फडक्यात गुंडाळली. "दुरुस्ती काढायची म्हणजे परत तुम्हाला साहेबांच्या सह्यांसाठी फिरावं लागलं असतं. आधीच माझ्यापायी तीनदा फिरलात. मला वाटलं, पोरं हुशार आहेत, हॉलमध्ये गॅसची शेगडी कशी असेल हे समजून इकडे येतील."

मी रिकामे स्टूल उचलून बाजूला ठेवायला लागले.

मग चाचांनीच मार्ग काढला. निवृत्तीला आठ दिवस होते. "मी आहे तोवर रोज तीनला ज्योत पेटवतो," ते म्हणाले. "तुम्ही तेवढं कळवा." मी जागेवर जाऊन शुद्धिपत्रक लिहिलं : काचकामाचे प्रात्यक्षिक मुख्य सभागृहाऐवजी काचकाम कार्यशाळेत, रोज दुपारी तीन वाजता. साहेबांकडे पाठवलं आणि सहीची वाट न पाहता ग्रुपवरही टाकलं. दहा मिनिटांत आतून बोलावणं आलं.

"जावक क्रमांक?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, घाई होती."

"घाईनेच सभागृह झालं. काढा ते."

आणि मी काढलं. ग्रुपवरून पुसून टाकलं. चिडले होते, पण ऐकलं. साहेबांना चार शब्द सुनवायला हवे होते, निदान ते पुसायला तरी नको होतं. पण चूक माझी असल्यामुळे माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. आयुष्यभर इतरांच्या चुकांवर तोंडसुख घेतलेल्या माणसाची आपल्या चुकीसमोर फार पंचाईत होते, हे मला तेव्हा कळलं.

चाचा रोज तीनला ज्योत पेटवत होते. मी जाऊन बसायची. मधूनच प्रयोगशाळेतलं कुणी डोकावायचं. आठव्या दिवशी त्यांना नारळ आणि शाल मिळाली. त्या छोट्या समारंभाला प्रमुख पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी कार्यशाळेला कुलूप लागलं.

शुद्धिपत्रक मंजूर होऊन आलं त्यानंतर चार दिवसांनी. मी तेव्हा चार दिवस रजेवर होते. आमच्याकडे सही-शिक्क्याचा कागद आला की शिपाईमामा तो फळ्यात लावतात. वाचायचं काम त्यांचं नाही. मामांनी लावला, ग्रुपवरही गेला, जावक क्रमांकासह.

मी परत आले तर टेबलासमोर एक मुलगी उभी. हडपसरहून दोन बस बदलून येते म्हणाली, एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला. "मॅडम, फळ्यावर रोज तीन वाजता लिहिलंय. मी तीन दिवस जातेय, तर लॉक आहे. चाचा कधी येतात? मला शिकायचंय ते."

मी शिपाईमामांना तो कागद काढायला सांगितलं. ते म्हणाले, "ताई, लावायचा आदेश लेखी होता. काढायचाही लेखी लागेल." मी त्यांच्यावर ओरडले. मग जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्याच्या टोकाला जाऊन चाचांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. एक मुलगी आली होती, तीन दिवस लागोपाठ आली, तिला शिकायचं आहे.



"या वेळी जागा बरोबर लिहिली होती ना, ताई?" चाचांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "जागा बरोबर होती."