शेततळ्यांचा धसका घेतलेले मेहुणे

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाइतका काळजीखोर माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. आणि काळजी तरी कुणाची, तर सशा-कोल्ह्यांची! तिसगावजवळच्या आमच्या माळावर पूर्वी गुडघाभर गवत होतं, हरणं चरायची. मग आम्ही सगळ्यांनी माळ फोडला, डाळिंबं लावली, शेततळी खणून त्यांत प्लॅस्टिकचा कागद अंथरला. हा कागद इतका गुळगुळीत, की तहानलेलं जनावर पाण्याला उतरतं आणि वर यायला त्याचा पाय ठरत नाही. मेहुण्यांनी त्याचाच धसका घेतला. जुने टायर दोराला बांधून ते शिड्या करतात, मोटारसायकलवर लादतात आणि दिसेल त्या तळ्यात सोडून येतात. मालकाला विचारायची पद्धत त्यांच्यात नाही. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो, पोहे आले तरी हे गायब. तळ्यावरून परतले ते मुलीच्या वडिलांना म्हणाले, "पाव्हनं, पोरगी चांगली हाय, पन तळं लई वाईट!" त्या लोकांनी नकार कळवला, शिडी मात्र ठेवून घेतली.

आमच्या नव्या तळ्यातही त्यांनी शिडी सोडली. कागद फाटेल म्हणून मी शहाण्याने, त्यांची गाडी वळणाआड होताच, ती काढून शेडमागे टाकली. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर तळ्यात खोकड, कोल्ह्याचीच लहान जात! कडेला यायची, नखांनी कागद खरवडायची, पुन्हा घसरायची. नुसतं नाक पाण्यावर. मी शिडी ओढत आणली, पण घाईत दोराची गाठ बसेना. घाबरून मेहुण्यांना फोन लावला.

"दाजी, शिडी हाय ना तितं?"

"काढली होती... आता बांधतोय."

ते म्हणाले, "सोडा आन् लांब व्हा. तुमाला भिऊन वर येनार न्हाई ती."

मी डाळिंबाआड बसलो. खोकडीने टायरला पुढचे पाय अडकवले आणि तशीच लोंबकळत राहिली. किती वेळाने कोण जाणे, ती वर आली, अंग झाडलं आणि बांधावरच्या उरल्यासुरल्या गवतात शिरली. आता बोलणी बसणार म्हणून मी पुन्हा फोन केला.

"लंगडत न्हाई ना?" एवढंच विचारलं त्यांनी.

आता त्यांचे गुडघे गेलेत, मोटारसायकल झाकून ठेवलीये. उन्हापाण्याने दोर कुजतात, हे मात्र त्यांना घरबसल्या छळतं. रोज सकाळी फोन येतो, "दाजी, तळ्यावर जाऊन आलात?"

"आलो की," मी म्हणतो. आणि फोन ठेवून, चहा तसाच टाकून, तळ्याकडे पळत सुटतो.