भरतीच्या बाई

कोणी आवाज खाली करून बोलू लागलं, की बाई एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवायच्या, वर पेन ठेवायच्या आणि म्हणायच्या, "लिहून द्या." एवढंच. समोरचा माणूस कागदाकडे बघायचा, पंख्याकडे बघायचा आणि चहाला न थांबता निघून जायचा. तुमच्या ओळखीच्या एखाद्या कचेरीतही असं कोणी बसत असेल, तर त्या टेबलापुढची खुर्ची बहुधा रिकामी असते, हे तुम्ही पाहिलंच असेल.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका लहान नगर परिषदेच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. बाई त्याच नगर परिषदेच्या आस्थापना विभागात मुख्य लिपिक होत्या. माहेर देवणीकडचं. नवरा पाणीपुरवठ्यात नोकरीला होता. तो गेला आणि त्या अनुकंपेवर लागल्या.

पूर्वी आमच्याकडची भरती बाहेरची कंपनी करायची. मुलं माझ्या वाचनालयात वर्षानुवर्षं अभ्यास करायची आणि पेपर द्यायला तीन जिल्हे ओलांडून जायची. निकाल कुठून आला, कोणी लावला, काही कळायचं नाही. मग खालच्या जागा स्वतः भरण्याची परवानगी शासनाने नगर परिषदेला दिली. एक जरी तक्रार खरी निघाली तर परवानगी रद्द, अशी अट होती. अधिकारी तिला मान्यता म्हणत, बाई परवाना म्हणत. त्यांनी ते पत्र फ्रेम करून व्हरांड्यात टांगलं.

"बाई, हे काय किराणा दुकान आहे का?" मुख्याधिकारी हसले.

"दुकानदार परवाना गिऱ्हाइकाला दिसंल असा लावतो, साहेब. आपण कामून झाकायचा?"

पहिलीच भरती व्हॉल्व्हमनच्या नऊ जागांची निघाली. माझ्या मेव्हण्यानेही अर्ज भरला. मी बाईंच्या टेबलाशी जाऊन म्हणालो, "जरा लक्ष..." पुढचं बोलायच्या आत कागद आला.

"सर, तुमचं अक्षर लई देखणं हाय. लिहा."

मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि परतलो. आठवडाभर त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. शेवटी बाईच वाचनालयात आल्या. वर्तमानपत्र चाळत म्हणाल्या, "लिहिलं न्हाई ते बरं केलं. फाइलला लावावं लागलं असतं."

लेखी परीक्षा झाली. मग प्रात्यक्षिक, जलकुंभाखालच्या मैदानात. प्रत्येकाने लांब दांड्याच्या चावीने व्हॉल्व्ह बंद करायचा, पाइपाचा तुकडा जोडायचा आणि पाणी सोडायचं. जोड गळला की गुण गेले. एकाचं काम संपलं की बाई त्याचे गुण तिथल्या तिथे खडूने फळ्यावर लिहीत, सगळ्यांदेखत. मेव्हण्याचा जोड गळला. मी बघतच होतो.

शेवटचे दोन-तीन उमेदवार उरले होते, तेव्हा एकूण गुणांत नववी होती गावातली एक सून, मुदखेडहून इथे नांदायला आलेली. दहावा नगर परिषदेच्या एका सदस्याचा भाचा. सदस्य स्वतः मैदानात आले.

"बाईमाणूस चावी फिरवणार? दहाव्याला वर घ्या."

बाईंनी कागद पुढे केला. सदस्यांनी तो हाताने उडवला. "लई कायदा शिकवू नका. तुम्ही कोणती परीक्षा देऊन आलात? नवऱ्याच्या जागेवर लागलात ना?"

बाईंनी खडू खाली ठेवला नाही. "हाव. त्याच्या मरणावर लागले. इतकी वर्षं झाली, हे कुणी मला विसरू दिलं न्हाई. ह्या लेकरांना असलं ऐकावं लागू न्हाई, म्हणून हा फळा."

मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. "ए, परीक्षा चालू हाय!" बाईंनी त्यालाही दटावलं.

यादी तशीच लागली. महिनाभरात बाईंची बदली झाली, जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "हितं वशिला चालत न्हाई." त्यानंतरही भरतीचं काही निघालं की नवा लिपिक नियम विचारायला त्या खिडकीवर जायचा.

गेल्या महिन्यात बाई गेल्या. सकाळी बसस्टँडवर छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत.

पुढच्या सर्वसाधारण सभेत पहिला विषय त्यांच्या शोकप्रस्तावाचा होता. दुसरा, परवाना शासनाला परत करून भरती पुन्हा कंपनीकडे देण्याचा. डोक्याला ताप नको, असं सगळ्यांचं मत असल्याचं अध्यक्षांनी आधीच सांगितलं होतं. कर्मचाऱ्यांना फक्त श्रद्धांजलीपुरतं बोलावलं होतं. मला मागे एक खुर्ची मिळाली होती. बाईंच्या भरतीतले ते नऊ जण भिंतीशी उभे होते.

"बाई फार शिस्तीच्या होत्या," असं म्हणून अध्यक्षांनी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. मग ते बसले. सदस्य बसले. मीही बसलो.

"झालं. कर्मचाऱ्यांनी जायला हरकत नाही. विषय क्रमांक दोन."

भिंतीशी कोणी हललं नाही.

"अहो, दोन मिनिटं झाली."

"आमची झाली न्हाईत, साहेब," नववी म्हणाली.

मी पुन्हा उठून उभा राहिलो.