बबनदादांचा एकच रिपोर्ट

बबनदादा गेल्याचा फोन गावाकडून, मार्गासनीहून आला, तेव्हा मी भोरच्या माझ्या लॅबमध्ये कुणाचं तरी रक्त काढत होतो. सुई काढली, कापूस दाबला आणि बाहेर जाऊन बसलो. सकाळी तालमीत पोरांकडून जोर काढून घेता घेता दादा छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत... चाळिशीही गाठली नव्हती. त्याला आता दीड महिना झाला.

तालमीत मी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आणि हलक्या गटातला. कुस्तीआधी वजन उतरवताना आम्हाला घोटभर पाण्याचीही चोरी. दादांना मात्र जो तो आणखी खा म्हणायचा. तूप, बदाम, म्हशीचं दूध. पोट सुटलं तरी ते ताकदीतच धरलं जायचं. "घाम गाळला की समदं जिरतं," असं ते म्हणायचे आणि मलाही ते पटायचं. पोटावरची चरबी मेहनती माणसाचंही रक्त बिघडवते, हे मी पुढे शिकलो. शिकूनही दादांच्या बाबतीत विसरलो.

दोन वर्षांपूर्वी मीच मागं लागून त्यांना उपाशीपोटी तपासणीला बोलावलं. खुर्चीत मावेनात, म्हणून आतून स्टूल आणलं. रक्त यंत्रात फिरवलं, तर वर पिवळसर पाणी दिसायला हवं तिथं दुधासारखं पांढरं. "दादा, तूप घालून दूध ढोसून आलात ना?" मी हसत विचारलं. ते स्टुलावरून उठायला लागले. "व्हय की," म्हणाले. रिपोर्टवर मी 'उपाशीपोटी नाही' असं लिहिलं आणि पुन्हा या म्हटलं. ते आले नाहीत, मीही मागं लागलो नाही.

दहाव्यानंतर घरी गेलो, तेव्हा वैनींनी तोच रिपोर्ट पुढं केला. "भावजी, त्या दिवशी पान्याबिगर कायबी घेतलं न्हवतं त्येंनी. तुमी बजावलं व्हतं म्हून."

"मग मला व्हय का म्हणाले?"

"तुमीच दुधाचं काडलं न्हवं? घरी येऊन म्हनले, दुधावर गेलं, सुटलो."

म्हणजे तो पांढरेपणा दुधाचा नव्हता, रक्तातच साठलेल्या चरबीचा होता, आणि धोक्याची ती खूण मी हसण्यावारी नेली होती. मला माझाच राग आला, अजून येतो.

ते स्टूल आता बाहेरच असतं. त्यावर बसणाऱ्याला मी एवढंच विचारतो, शेवटचं काय खाल्लं? आणि तो सांगेपर्यंत गप्प राहतो.