लाडकंवरकाकीचा हत्ती

आमच्या मारवाडी घरांत नवरा गेला की बाईनं वर्षभर ‘खुणा’ म्हणजे कोपरा पाळायचा, एका खोलीत बसून राहायचं. माझी लाडकंवरकाकी एकोणीसशे एकतीसला बसली. वर्ष सरलं, पण तिला उठवायचं कुणाच्या मनात आलं नाही. तिच्या बोटांत जरीकाम होतं आणि तिची सासू पतासीबाई हुशार होती. सासू म्हणजे माझी सख्खी आजी, तरी मला तिचा अजून राग येतो.

आजीचं तप पुरं झालं होतं. त्याच्या उजमण्याला, म्हणजे उद्यापनाला, जैन साधू उतरतात त्या उपाश्रयात पुठिया द्यायचा होता. महाराजांच्या पाटामागे टांगायचा मखमलीचा मोठा पडदा, त्यावर महावीरांच्या आईची, त्रिशलामातेची चौदा स्वप्नं: हत्ती, सिंह, कलश आणि बाकीची. तो टांगला की काकीनं संघाबरोबर पालिताण्याच्या यात्रेला जायचं, असा आजीनं शब्द दिला. काकीला पुण्य जोडायची फारशी पडली नव्हती. तिला आगगाडीच्या खिडकीत बसायचं होतं.

खोली जेमतेम सहा हातांची. मखमल दांड्यावर गुंडाळलेली, एका वेळी हातभर उघडी. नक्षी आखणारा कारागीर पुरुष, त्याला आत मज्जाव. म्हणून काकीनं सगळं आपल्या वितेनं मापलं. हत्ती वीतभर झाला. जवळून पाहिला तर त्याच्या पापण्यासुद्धा मोजता यायच्या.

उजमण्याला काकीला घुंघट घालून नेलं आणि बायकांत अगदी मागे बसवलं. दीड वर्षाचं काम तिनं तिथे पहिल्यांदा अख्खं पाहिलं, तेही तीस पावलांवरून. शेजारची बेबीबाई पाटलीण अहिराणीत तिच्या कानाशी लागली, "बहिन, तो वरला उंदीर शे का?"

"हत्ती शे," काकी म्हणाली. "मन्ही खोलीमा इतलाच मावस."

घरी येताच आजीनं दुसरी मखमल मागवली. पालिताणा राहिलं. तेव्हा काकी जन्मात एकदाच सासूपुढे बोलली. हत्ती तीन हातांचा हवा, त्याच्या मानानं सिंह, त्याच्या मानानं कलश. एवढी चौकट खोलीत बसणार नाही, ओसरीवर मांडावी लागेल. ओसरीवरून रस्ता दिसायचा. माझी आई तिची जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ, ती सांगायची की बोलताना काकी हात पसरून मापं दाखवत होती.

आजीनं क्षणभरही विचार केला नाही. तुकडे करून भर म्हणाली, जोडायला शिंपी आहे.

काकीनं भिंतीवर कोळशानं चौकोन आखले, त्यांत लहान हत्ती काढला आणि चौकोनागणिक मखमलीचा एकेक मोठा तुकडा भरला. सोंड आषाढात झाली, मागचे पाय दिवाळीला. शिंप्यानं जोडलं तेव्हा सांधा कुठेच चुकला नाही. उपाश्रयाच्या दारातूनही तो हत्ती डुलत आल्यासारखा वाटायचा. तळोद्याच्या मंडळींनी लगेच आपल्यासाठीही तसाच पुठिया मागितला आणि आजीनं जागच्या जागी हो म्हटलं. काम बिघडलं तेव्हा काकी अडकली, जमलं तेव्हा जास्तच अडकली.

पालिताण्याला संघ निघाला त्या सकाळी, त्यात जाणारी आई निरोप घ्यायला खोलीत गेली. काकी तळोद्याची मापं आखत होती. मान वर न करता तिनं आईला एवढंच सांगितलं, की गाडी हलली की आपलं घर लांबून केवढं दिसतं ते बघून ये.

आई खिडकीशी बसली आणि मान वळवून बघत राहिली. गाडीतून आमचं घर दिसतच नाही. परत आल्यावर तिनं काकीला खोटंच सांगितलं, मुठीएवढं दिसतं म्हणून.