दुसऱ्यांच्या मशिनवरची चाल

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. कारखान्याची बस सहाला कोपऱ्यावर यायची, पण मधला वेळ तिचा नसायचा. तो तिच्या दादाच्या उजव्या हाताचा होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्या हाताची बोटं झोपेत मुठीत वळायची. कोमट पाण्यात हात धरून ती एकेक बोट उघडायची. अंगठा शेवटी. घाई केली तर दादा ओरडायचा, नाही केली तर बस निघून जायची. बस तिने कधी चुकवली नाही. दादा कधी ओरडला नाही, असं मात्र मी म्हणणार नाही.

आम्ही दोघं कॉम्प्युटरच्या कारखान्यात शेवटच्या टप्प्यावर होतो. ती तपासायची, मी खोक्यात भरायचो. तिला सगळे कानसेन म्हणायचे. स्वतःला गाता येत नाही पण कान तयार आहे, अशा माणसाला म्हणतात तसं. बाईमाणसाला हे नाव कसं काय, असं कोणी नवीन माणसाने विचारलं की ती म्हणायची, "कानाला मिशा असतात का?"

तिची खोली लहान होती. भिंतींना जाड लोकरी कापड चिकटवलेलं, दाराला रबराची कड. आत टेबल आणि एक खुर्ची. खुर्ची करकरू नये म्हणून ती तिला स्वतः तेल घालायची. मशीन आलं की सुरू करायचं, त्याच्या पाठीवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे. आधी पंखा ऐकायचा. "याला सर्दी झालीय," असं म्हणून तिने मशीन परत पाठवलं की जोडणीवाले कुरकुर करत पंखा खोलायचे. पंखा बरा असला तर पुढे आवाजाची तपासणी. त्यासाठी आमच्या कंपनीच्या गाण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी चाल असायची. ती आधी डाव्या स्पीकरमधून वाजवायची, मग उजव्या. शेवटचा सूर विरला की उजव्या हाताने मशीनमधलं सगळं पुसायचं आणि डाव्या हाताने वर निळी पट्टी लावायची. पट्टी म्हणजे ऐकलं आणि पुसलं. पट्टी दिसली की मी मशीन खोक्यात घालायचो. त्यावर पुन्हा विचारायचं नाही, हा नियम.

काम करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. काही हात चालवतात, काही तोंड. हिचे दोन्ही हात एकाच वेळी चालायचे आणि तोंड बंद असायचं. दिवसातल्या शेवटच्या मशीनलाही तिने पहिल्या मशीनएवढाच कान दिला. हे सोपं नाही. शेवटच्या तासाला आमच्यातले निम्मे लोक मनाने बसमध्ये बसलेले असायचे.

ते गाण्याचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीच्या मानाचा तुरा होतं. एका बोटाने सूर दाबत जायचं, मशीन ते धरून ठेवतं. त्यावर दुसरं वाद्य चढवायचं, मग तिसरं. एकटा माणूस अख्खा बँड उभा करू शकतो. अट एकच, मशीन आमचंच पाहिजे. दुसऱ्या कंपनीच्या मशिनवर ते चालत नसे.

दादा झटक्यापूर्वी नाटकांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. आता उजवा हात गेलेला, डावा शाबूत पण थरथरणारा. उपचार केंद्राने त्याला मोठ्या बटणांचा कीबोर्ड दिला होता, म्हणजे थरथरलं तरी बोट चुकत नाही. तो कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या मशीनलाच जोडता यायचा. आमच्या कंपनीने तसं काही केलंच नव्हतं. त्यामुळे हिच्या घरात दुसऱ्यांचं मशीन. लोक टोमणा मारायचे, "सोनाराच्या घरी पितळ." ती म्हणायची, "पितळ घासलं की चमकतं."

वर्षातून एकदा घरच्यांना कारखाना दाखवायचा दिवस असायचा. मशीन थोडी आणि गर्दी फार. त्या वर्षी तिने दादाला आणलं. खुर्ची त्याला दिली, स्वतः उभी राहिली आणि टेबलावरच्या मशीनमध्ये गाण्याचं सॉफ्टवेअर उघडून दिलं. लहान बटणांवर त्याचं बोट आधी भलतीकडेच पडायचं. पण त्याने सोडलं नाही. मशीनमधली क्लॅरिनेट धरली, खाली ठेका चढवला, मग एक जाडा सूर. मी दारात उभा होतो. मला गाण्यातलं कळत नाही. कष्टातलं कळतं. त्या माणसाच्या मानेवरून घाम वाहत होता.

चाल अर्ध्यात थांबली. तो म्हणाला, "पुढे कुठे जायचं ते दिसतंय मला. बोट दमलं."

कानसेनने डोळे पुसले. सूर विरला होता. मशीनसमोर दादा बसला होता, त्यामुळे तिचा उजवा हात तिथे पोचला नाही. डावा मात्र सवयीने गेला. तिने निळी पट्टी लावली. मग दादाला उठवून, धरून बसपर्यंत न्यायला गेली. मी आत आलो, पट्टी बघितली आणि मशीन खोक्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी लावायच्या आधी ती माझ्याकडे आली. विचारलं, ते मशीन कुठे. मी रिकाम्या फळीकडे बघितलं. ट्रक आदल्या संध्याकाळीच गेला होता.

तिने दादाला त्याच दिवशी खरं सांगितलं. तो म्हणाला, गेली तर गेली, कुणाच्या तरी घरी वाजेल. पण झटक्यानंतर त्याच्या डोक्यात नवीन गोष्ट टिकत नसे. चालीची सुरुवात आठवायची, मधला भाग निसटायचा. आपल्या मशीनसमोर बसून तो तोंडाने शोधत राहायचा आणि सापडलं नाही की चिडायचा. मग बसायचंच सोडलं. पहाटे ती हात पाण्यात धरायला गेली की म्हणायचा, "राहू दे. कशासाठी उघडायची बोटं?" तरी ती उघडायची. तिला काळजी एवढीच होती. चाल परत आली नाही तर दादाही परत येणार नाही.

काही आठवड्यांनी सुपरवायझर तिच्या खोलीत आले. ते मोठ्या आवाजात बोलत नसत, त्या दिवशी बोलले. कुठल्याशा शाळेतल्या संगीत शिकवणाऱ्या बाईंनी नवीन मशीन घेतलं होतं. त्यात कोणाची तरी चाल निघाली. बाईंनी कंपनीला फोन केला. यांना वाटलं, तक्रार आहे. तर बाई विचारत होत्या, ही मध्येच थांबते, पुढची कुठे मिळेल?

सुपरवायझर ताकीद देत होते. कानसेनने त्यांना मध्येच थांबवून विचारलं, "त्यांनी पुसली नाही ना?"

बाईंनी चाल जपून ठेवली होती आणि लगेच पाठवूनही दिली. दादाच्या मशिनवर ती उघडेना. पडद्यावर एक करडा चौकोन, बाकी काही नाही. मग बाईंनी नुसता आवाज भरून पाठवला. तो वाजला. दादाने पुन्हा पुन्हा ऐकला. पण त्याला हात लावता येत नव्हता. ठेका वेगळा काढता येत नव्हता, पुढे सूर जोडता येत नव्हता. तो म्हणाला, "खिडकीतून जेवण दिसतंय." तरी दुसऱ्या दिवशी पाण्याचं भांडं त्याने स्वतः पुढे ओढलं. हे तिने मला दोनदा सांगितलं. ती एक गोष्ट दोनदा सांगणाऱ्यांतली नव्हती.

त्याच सुमारास वरून विचारणा आली. गाण्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपन्यांच्या मशिनवरही द्यावं का, असा विचार चालू आहे, प्रत्येक विभागाने मत कळवावं. आम्हाला कोणी कधी काही विचारत नसे. विचारलं तेव्हा सगळे घाबरले.

जेवणाच्या सुट्टीत सभा झाली. आमच्यात एक पुढारी होता. निवडून आलेला नाही, सगळ्यांच्या पुढे बोलतो म्हणून पुढारी. माणूस कामाला चोख. त्याने सरळ मांडलं. लोक हे गाण्याचं बघून आपलं मशीन घेतात. तेच शेजारच्या दुकानात मिळालं तर आपली खोकी कोण उचलणार? "विहीर आपण खणायची," तो म्हणाला, "आणि पोहरा शेजाऱ्याच्या हातात द्यायचा. वर त्याला म्हणायचं, पाणी गोड आहे ना?" लोक हसले, पण आतून नाही.

कानसेन उठली. सभेत ती कधी बोलली नव्हती. म्हणाली, "माझ्या घरात दुसऱ्यांचं मशीन आहे. दादाची चाल त्याच्यावर उघडत नाही. मला काय पाहिजे ते आधी सांगते, म्हणजे मागून कोणी काढायला नको." मग पुढाऱ्याकडे वळली. "आता कामाचं. आपलं मशीन चांगलं आहे म्हणून लोक घेतात, की गाणं त्यात कोंडलंय म्हणून? कोंडलंय म्हणून घेत असतील तर मी दिवसभर डोळे मिटून काय ऐकते? कसलाही पंखा घाला की. माणूस जाणार कुठे?"

मग पुढारी हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुझं खरं आहे. पण कानाने पोट भरत नाही."

"माझं तर त्याच्यावरच भरतं," ती म्हणाली आणि खाली बसली.

हात वर करून मत घेतलं. बाजूने फार थोडे हात आले. माझा विरोधात होता. मुलगी शिकत होती. पुढारी बरोबर असेल तर माझी खोकी जाणार होती. मी नंतर तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. खोकं नीट बांध म्हणजे झालं." दुपारपासून पट्टी लावलेली मशीन पूर्वीसारखीच माझ्याकडे येत राहिली.

आमच्या विभागाचं मत नको असं गेलं. वर वर्षभर काय घोळ चालला माहीत नाही. शेवटी कंपनीने सॉफ्टवेअर दुसऱ्यांच्या मशिनवर द्यायचं ठरवलं. आमचं ऐकलं नाही, आणि कानसेनचं ऐकून केलं असंही नाही. तिचं म्हणणं तर आमच्या विभागाबाहेरही गेलं नव्हतं.

खोकी कमी झाली का? झाली थोडी. एक पाळी बंद झाली, काही जणांना दुरुस्तीकडे हलवलं. घरी कोणाला बसवलं नाही. पुढारी म्हणाला, पुढे बघा. पुढे मी निवृत्त झालो तेव्हा खोकी पुन्हा वाढली होती. कशामुळे, ते सांगणारे बरेच भेटले. खात्रीने सांगणारा एकही नाही.

सॉफ्टवेअर बाजारात आलं त्या महिन्यात कानसेनने ते घेतलं. कामगारांना सवलत होती, पण ती आमच्याच मशीनसाठी. हिला पूर्ण किंमत पडली. जोडणीवाल्यांनी तिला दारातच गाठलं. "या, गिऱ्हाईक आलं. खुर्ची द्या." ती म्हणाली, "गिऱ्हाईक आहे ना? मग तक्रार करायचा हक्क आहे. कालची दोन मशीन परत न्या, घरघरतात."

चाल दादाच्या मशिनवर उघडली. करडा चौकोन गेला, सगळी वाद्यं एकाखाली एक दिसायला लागली. पण मधल्या काळात त्याला पुढचं दिसेनासं झालं होतं. तो पुन्हा सुरुवातीपासून बसला. रोज थोडं, मोठ्या बटणांवर, डाव्या हाताने. उजव्या हाताचं एक बोटही आता टेकवता यायचं. नुसतं टेकवता, दाबता नाही. तरी तो ते बटणावर ठेवायचा. "त्यालाही हजेरी लागू दे," म्हणायचा.

चाल पूर्ण झाली तेव्हा तिने मला घरी बोलावलं. खोलीत एकच खिडकी, तिच्याखाली टेबल. कपाटावर क्लॅरिनेटची पेटी, धूळ पुसलेली. पूर्ण चाल शाळेतल्या त्या बाईंना आधीच पाठवली होती. त्यांचं उत्तर आलं होतं की मुलं शिकताहेत, शेवट अवघड आहे, पण आम्ही सोडणार नाही.

दादाने चाल लावली. मी उभ्याने ऐकली. जिथे थांबली होती तो सूर आला, आणि या वेळी पुढे गेला. खाली उतरला, मग कुठून तरी वळून वर आला आणि शांतपणे टेकला. कानसेनचे डोळे मिटलेले. तळहात मशीनच्या पाठीवर. सूर विरला तसा तिचा डावा हात उचलला गेला, आणि तिथेच थांबला.

"लाव की पट्टी," दादा म्हणाला.

"थांब." तिने डोळे उघडले नाहीत. "काहीतरी घरघरतंय."

दादाचा चेहरा उतरला. "कुठे? शेवटाला?"

"चालीत नाही रे. चाल एकदम साफ आहे. मशीन घरघरतंय." तिने मशीनला कान लावला. "यांच्याकडे पंखा ऐकतं तरी कोण? आमच्याकडे हे टेबलावरून उतरलं नसतं."

दादा हसला. अर्ध्या तोंडाने, पण हसला.

एका पगारातून तिने सॉफ्टवेअर घेतलं होतं. आता आणखी एका पगारातून दुसऱ्यांच्या मशीनला नवा पंखा घेतला, आणि स्वतःच्या हाताने बसवला.